आधी जागेचे बोला

घरकुलाचा विषय निघाला की आमच्या गावात पहिला प्रश्न असतो, "यादी लागली का?" यादीत नाव आले की पेढे, नाव गळले की नगरसेवकाच्या नावाने शिव्या. गेली पंचवीस वर्षे आम्ही याद्याच पाहत आलो. २००१ साली वाल्मिकी-आंबेडकर आवास योजना आली. २००५ च्या अखेरीस लहान व मध्यम शहरांसाठी एकात्मिक गृहनिर्माण आणि झोपडपट्टी विकास कार्यक्रम आला. जून २०१५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना आली आणि २०२४ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. योजनांची नावे बदलली, फलकांवरचे फोटो बदलले. आमचा मोहल्ला नाल्याच्या काठी होता, तो तिथेच आहे, त्याच पत्र्याखाली.

असे का झाले? सरकार वाईट, नगरपरिषद भ्रष्ट आणि आम्ही मुसलमान म्हणून डावललेले, ही तीन उत्तरे आमच्याकडे कायम तयार असतात. तिन्हींत तथ्य नाही असे कोण म्हणेल? पण ही तीन उत्तरे दिली की आपण मोकळे होतो आणि खरा प्रश्न विचारायचा राहून जातो. घर बांधायचे, पण कशावर? गरिबाच्या घरासाठी गावात किती जमीन राखली आहे, कुठल्या सर्व्हे नंबरात, आणि ते कोणी ठरवले? याचे उत्तर यादीत नसते. ते नगरपरिषदेच्या विकास आराखड्यात असते, आणि तो आराखडा आपण कधी उघडून पाहत नाही. आमचे भांडण सरकारशी आहे, तितकेच आपल्या या सवयीशीही आहे.

आमचे गाव तालुक्याचे. बाजारपेठ आहे, एसटी स्टँड आहे, ब वर्गाची नगरपरिषद आहे. किल्ल्याच्या वेशीपासून नाल्यापर्यंत बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन, कुरेशी अशा आमच्या गल्ल्या. नाल्यापलीकडे भीमनगर आणि वडारवाडी. पूर आला की नाला जात विचारत नाही, तिन्ही वस्त्यांत सारखाच शिरतो. महाराष्ट्रातील मुसलमानांपैकी सुमारे ७० टक्के लोक शहरांत राहतात, असे २००१ च्या जनगणनेतच दिसले होते. मुंबई-भिवंडी-मालेगावची चर्चा होते, पण यातले पुष्कळ लोक आमच्यासारख्या लहान गावांत आहेत. ज्यांच्याकडे शेत नाही त्यांचे पोट गावातल्या चार रस्त्यांवर असते: हातगाडी, गॅरेज, शिलाई, फळांचा टोपला, मटणाचे दुकान. शेतकऱ्याला जसा शेताचा बांध, तसा आम्हाला बाजाराजवळचा उंबरठा. म्हणून शहरातल्या जागेचा प्रश्न हा आमच्या पोटाचाच प्रश्न आहे.

आता जे आमच्या गावात घडले ते सांगतो.

२०२३ साली आमच्या गावाचा सुधारित विकास आराखडा प्रारूप म्हणून प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे अशा आराखड्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत येते आणि हरकती-सूचना नोंदवायला नागरिकांना ३० दिवस मिळतात. ते ३० दिवस बहुतेक रमजानमध्ये गेले. नगरपरिषदेवर प्रशासक होता, २०२१-२२ पासून डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपर्यंत राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची तीच गत होती. म्हणजे जाब विचारायला नगरसेवकही नव्हता. नकाशा नगरपरिषदेच्या जिन्याजवळ भिंतीवर लावलेला होता. त्याच जिन्याने आम्ही जन्माचे दाखले आणायला, नळपट्टी भरायला चढलो-उतरलो. नकाशाकडे कोणी पाहिले नाही. त्या महिन्यात मशिदीत नव्या पंख्यांची वर्गणी झाली, इफ्तारची सोय झाली, चाँदरातीच्या बाजारातल्या गाड्यांवरून दोन बैठका झाल्या. आपला मोहल्ला कागदावर आहे की नाही, हे पाहायला एकही बैठक झाली नाही.

हे लक्षात आले ते आमच्या गल्लीतल्या एका पोरामुळे. तो आयटीआयमधून आरेखकाचा कोर्स करून आलेला. अठ्ठाविसाव्या दिवशी तो कुठल्याशा दाखल्यासाठी गेला आणि नकाशासमोर थांबला. त्याला रंग वाचता येत होते. पिवळा म्हणजे निवासी. आमची वस्ती पिवळी नव्हती, हिरवी होती. जिथे आमच्या तीन पिढ्या राहिल्या तिथे उद्यानाचे आरक्षण होते आणि मधून १५ मीटरचा रस्ता गेला होता. विद्यमान जमीन वापराच्या नकाशात हीच जागा मोकळी दाखवलेली होती. म्हणजे ज्याने पाहणी केली त्याला नाल्याकाठची झाडे दिसली, माणसे दिसली नाहीत.

त्या रात्री तरावीहनंतर पोराने मोबाइलवरचा फोटो दाखवला, तेव्हा एक चाचा म्हणाले, "अरे, नक्शे से क्या होता? हम तो यहीं हैं." हे वाक्य आम्ही आयुष्यभर ऐकले आहे. आपण इथे आहोत, एवढा पुरावा पुरेसा आहे असे आपल्याला वाटते. आराखडा मंजूर झाल्यावर त्याच नकाशावरून रस्ता आखला जातो, त्याच नकाशावरून अतिक्रमण ठरते आणि कोणाला पट्टा द्यायचा, कोणाला नाही, हेही तिथूनच ठरते. २०१८ साली शासनाने शहरी भागातील सरकारी जागेवरची जुनी निवासी अतिक्रमणे नियमित करायचा निर्णय घेतला, तेव्हा आमच्याकडेही पेढे वाटले गेले होते. पण ज्या जागेवर उद्यान दाखवले आहे तिथे राहण्याचा पट्टा मिळणे किती अवघड, हे सांगायला वकील लागत नाही.

उरलेल्या दोन दिवसांत आम्ही ११ हरकती दिल्या. शंभरावर घरांमधून ११. भीमनगरच्या मंडळींनी त्याच दोन दिवसांत आमच्यापेक्षा कितीतरी जास्त दिल्या, कारण त्यांच्यात अर्ज लिहिणारी माणसे होती आणि एकत्र यायची सवय होती. सुनावणीत बोलायला दोन-तीन मिनिटे मिळाली. रस्ता थोडा वळला. उद्यान मात्र राहिले. आराखडा पुढे मंजुरीसाठी गेला आहे. या लढ्यात आम्ही जिंकलो की हरलो हे अजून सांगता येत नाही, पण उशिरा पोहोचलो, एवढे नक्की.

ही झाली आमच्या गावाची गोष्ट. पण प्रश्न एका उद्यानाचा नाही. लहान गावांतल्या गरिबांच्या घरांबद्दल नियोजनाची सगळी रीतच उलटी आहे.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या पहिल्या टप्प्यातला आकडा सगळ्यांना पाठ आहे: केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, मिळून अडीच लाख. लहान गावांत या योजनेचा जो भाग प्रामुख्याने चालला तो म्हणजे लाभार्थ्याने स्वतःच्या जागेवर घर बांधायचे. स्वतःच्या! ज्याच्या नावावर जागा आहे त्याला अडीच लाख, आणि ज्याच्याकडे जागाही नाही, घरही नाही, त्याला काही नाही. भुकेल्याला सांगावे की ताट-वाटी घेऊन ये, मगच वाढतो, तसे हे आहे. २०१२ मध्ये केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने देशाच्या शहरांत १ कोटी ८७ लाखांहून अधिक घरांची तूट असल्याचे सांगितले, आणि त्यातली सुमारे ९६ टक्के तूट आर्थिक दुर्बल व अल्प उत्पन्न गटांची होती. त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेत, शहरांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली होती. घरे होती, पण ज्यांना हवी त्यांच्यासाठी नव्हती. जमीन बाजारावर सोपवली की असेच होते.

मोठ्या शहरांसाठी निदान एक नियम तरी आहे. ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर ले-आउट टाकायचा तर २० टक्के भूखंड किंवा घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची. राज्याने २०१३ मध्ये हा नियम आणला आणि २०२० च्या एकीकृत विकास नियमावलीतही ठेवला. पण तो १० लाखांवर लोकसंख्या असलेल्या महानगरपालिकांसाठी. आमच्या गावात बायपासच्या कडेला एकामागून एक एन.ए. प्लॉटचे फलक लागले, स्वागतकमानी उभ्या राहिल्या, कारंजी बसली. त्यात एकही भूखंड कष्टकऱ्यासाठी ठेवण्याचे बंधन कोणावर नाही. लहान गावात गरीब नसतात, असा या नियमाचा समज दिसतो. आम्ही विचारतो, ज्या गावात जमीन अजून परवडण्याजोगी आहे तिथेच हा नियम आधी लागायला नको का? दहा लाख लोकसंख्या होईपर्यंत थांबायचे आणि मग महाग जमिनीतला तुकडा मागायचा, हे कुठले शहाणपण?

आरक्षणाचेही असेच. आराखड्यात गरिबांच्या घरांसाठी आरक्षण पडले तरी नगरपरिषदेकडे जमीन घ्यायला पैसे नसतात. अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षे गेली की कलम १२७ खाली जमीनमालक नोटीस देतो, आणि २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण रद्द होते. मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. तोही अनेकदा दोन-तीन एकरांचा शेतकरी असतो, आणि त्याची जमीन वर्षानुवर्षे न विकत, न घेत अडकवून ठेवणे हाही जुलूमच आहे. दोष त्यांचा, जे नकाशावर पेन्सिल फिरवतात आणि पैशाची तजवीज करत नाहीत.

उपाय कायद्यातच आहेत. नगररचना योजना हा मार्ग आपल्याकडे १९१५ च्या कायद्यापासून आहे. त्यात अनेकांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, गटारे आखतात आणि प्रत्येकाला लहान पण सोयीचा भूखंड परत देतात. त्यात सुमारे १० टक्के जमीन दुर्बल घटकांच्या घरांसाठी राखता येते. ना मालक नागवला जातो, ना नगरपरिषद कर्जात बुडते. आमच्या गावात अशी एकही योजना झाली नाही, कारण कोणी मागितलीच नाही.

मागायचे काय, तेही नीट ठरवले पाहिजे. पूर्वीच्या एका योजनेतून आमच्या गावाला चार मजली इमारती मिळाल्या, बायपासच्या पलीकडे. आमच्यातली काही कुटुंबे तिकडे गेली. हातगाडी जिन्याने वर नेता येत नाही आणि खाली ठेवली तर सकाळी चाके नसतात. बकरी बांधायला जागा नाही. शिलाईच्या बायांकडे गिऱ्हाईक येईना. पाणी टँकरचे. बाजारात यायचे तर रिक्षाचे भाडे दिवसाच्या कमाईतून जायचे. वर्ष-दोन वर्षांत बरीच कुटुंबे पुन्हा नाल्याकाठी आली, आणि लोक म्हणाले, "यांना घरे दिली तरी राहत नाहीत." राहणार कसे? घर दिले आणि धंदा काढून घेतला. आम्ही म्हणतो, इमारत नको, जमीन द्या. गावाच्या पोटात किंवा लगत, पाणी-गटार-रस्ता आधी घालून, छोटे भूखंड द्या.

हिशेब साधा आहे. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. रस्ते, मोकळी जागा, अंगणवाडी यांसाठी त्यातला निम्मा भाग सोडला तरी ५००० उरतात. ४० चौरस मीटरचा एक, असे १२५ भूखंड होतात. पाच हेक्टरांत ६२५ कुटुंबे. एवढ्या जमिनीत आमच्या तिन्ही वस्त्यांतली अडलेली घरे मार्गी लागतील. खाली दुकान किंवा मशीन, वर राहणे, मुलगा मोठा झाला की आणखी एक खोली. ही काही आमची कल्पना नव्हे. मुंबईत चारकोप-गोराईला १९८५ च्या प्रकल्पातून असे सेवायुक्त छोटे भूखंड दिले गेले. इंदूरच्या अरण्य वसाहतीत वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी गरिबांना सुमारे ३५ चौरस मीटरचा भूखंड, जोते, पाणी आणि संडास एवढे देऊन बाकीचे घर ज्याचे त्याने बांधावे अशी रचना केली. त्या वसाहतीला १९९५ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. गरीब माणसाला घर बांधता येते. तो नाल्याकाठीही बांधतोच. त्याला लागते ती पायाखालची पक्की जमीन.

इथपर्यंत सरकारशी भांडलो. आता थोडे आपल्याशी.

सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले की मुसलमानांना घर भाड्याने किंवा विकत मिळताना अडचणी येतात आणि म्हणून ते वस्त्यांत कोंडले जातात. खरे आहे. आमच्या शिक्षक झालेल्या पोरांना नाव सांगितल्यावर "खोली आजच गेली" हे उत्तर मिळालेले आहे. पण या कोंडीवर आपल्यातलेच काही लोक पैसे करतात, त्याचे काय? गावाबाहेरचे शेत घ्यायचे, चुन्याने रेघा मारायच्या आणि एक-एक गुंठा, अर्धा-अर्धा गुंठा शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून विकायचा. ना ले-आउट मंजूर, ना सात-बाऱ्यावर नाव, ना रस्त्याला जागा. कोणी कागद मागितला तर उत्तर ठरलेले: "अपनों का मामला है, भरोसा रखो." विश्वासाने पैसे देणारा पंधरा वर्षे तिथे राहतो आणि अडीच लाखांचा अर्ज भरायला गेला की कळते, आपण कागदोपत्री कोणीच नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ सालचा आहे. २०२१ मधल्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत आणली. आमच्या गावातल्या किती जणांनी त्याखाली अर्ज केला? विकणारा तर सांगणारच नव्हता. पण मोहल्ल्यातल्या शिकलेल्यांनीही सांगितले नाही. गरिबाला रस्ता नसलेला तुकडा विकणारा आपला असला म्हणून तो आपला होत नाही.

दुसरी गोष्ट घरातली. जुन्या गल्ल्यांत अनेक घरे पिढीजात आहेत, स्वतःच्या मालकीची आहेत, तरी त्यांना घरकुल मिळत नाही. का? मिळकत पत्रिकेवर अजून दादाजानचे नाव आहे. दादाजान जाऊन चाळीस वर्षे झाली, वारस नोंद झाली नाही. का झाली नाही? कारण नोंद करायची तर फुफ्यांची आणि बहिणींची नावे लावावी लागतात, आणि ती लावायची नाहीत. शरियतने मुलीला दिलेला हिस्सा आपण भाषणात अभिमानाने सांगतो आणि तलाठ्याच्या टेबलावर लपवतो. परिणाम असा की बहिणीला हिस्सा नाही, भावाला घरकुल नाही, आणि भिंत दर पावसाळ्यात थोडी-थोडी पडते. आवास योजनेत घर बाईच्या नावे किंवा तिच्यासह संयुक्त नावे असावे अशी अट आहे. ही अट आपल्यातल्या अनेकांना जाचक वाटते. आम्हाला ती योजनेतली सर्वांत न्याय्य गोष्ट वाटते. घर ज्या बाईने सांभाळायचे, तलाक झाला किंवा नवरा गेला तर तिने ते रिकामे करायचे, हे कुठवर चालू द्यायचे?

तिसरी गोष्ट आपल्या मागण्यांची. निवडणूक आली की आपण नगरसेवकाकडे काय मागतो? कब्रस्तानची भिंत, ईदगाहचा रस्ता, शादीखाना, चौकात कमान. मेलेल्यांच्या जागेसाठी आपण जितके जागरूक असतो तितके जिवंतांच्या जागेसाठी झालो असतो तर? कब्रस्तानला भिंत हवीच. पण ज्याला जगताना चार भिंती मिळाल्या नाहीत त्याला मेल्यावर भिंत मिळाली, यात मोठेपणा कसला?

कोणी म्हणेल, गरिबांचे कोण ऐकतो? सोलापूरकडे पाहा. बिडी वळणाऱ्या बायांनी, त्यात आपल्याही बहिणी होत्या, कामगार नेते नरसय्या आडम यांच्याबरोबर वर्षानुवर्षे मोर्चे काढले, संस्था उभी केली, आणि २००६ मध्ये कुंभारी येथे १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. त्यातून बळ घेऊन असंघटित कामगारांनी रे नगरचा ३०,००० घरांचा प्रकल्प मागितला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातली पहिली १५,००० घरे मिळाली. त्या बाया तेलुगू, मराठी, उर्दू, कन्नड अशा सगळ्या बोलींच्या होत्या. यादीत नाव येण्याची वाट पाहत त्या बसल्या नाहीत. त्यांनी संघटना केली, मग जागा, मग घर.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. २० टक्क्यांचा नियम १० लाखांच्या वरच्या शहरांपुरता न ठेवता प्रत्येक नगरपरिषदेला लावा. आराखडा करण्याआधी घराघरात जाऊन मोजणी करा, आणि जिथे माणसे राहतात ती जागा मोकळी दाखवू नका. गरिबांच्या घरांचे आरक्षण गावात ठेवा, त्यासाठी पैशाची तरतूद त्याच आराखड्यात दाखवा, आणि जिथे जमेल तिथे नगररचना योजना करा. प्रारूप आराखड्याची सूचना वॉर्डावॉर्डात वाचून दाखवा, लोकांना समजेल अशा भाषेत.

आणि आपल्यासाठी: आपल्या वस्तीचा सर्व्हे नंबर पाठ करा. वारस नोंद करा, बहिणीच्या नावासह. कागद नसलेला गुंठा घेऊ नका, विकणाऱ्याला मोहल्ल्यात मान देऊ नका. भीमनगर आणि वडारवाडीबरोबर एकच समिती करा, कारण नाला एकच आहे.

तो आयटीआयचा पोरगा आता दर जुम्याला नमाजनंतर मशिदीबाहेर नकाशा उघडून बसतो. पहिल्या आठवड्यात दोघे-तिघे थांबले. परवा "नक्शे से क्या होता" म्हणणारे चाचा स्वतः आले, चष्मा पुसला आणि विचारले, "बेटा, हमारा घर किधर है?" पोराने हिरव्या रंगावर बोट ठेवले. चाचा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "तो फिर अर्जी लिख."